हवा कुणासाठी? : भूमिगत गटारांच्या वायुवीजनाचा सामाजिक इतिहास

मुंबई शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी किल्ला लिहिला, गोदी लिहिली, गिरण्या लिहिल्या, आगगाडी लिहिली. पाण्याचा इतिहासही बऱ्यापैकी लिहिला गेला. मैल्याचा इतिहास मात्र अभियंत्यांच्या अहवालांत पडून राहिला, आणि त्या मैल्यात उतरणारा माणूस त्या अहवालांतही क्वचितच आला. प्रस्तुत लेखात या न लिहिलेल्या इतिहासाचा एक लहानसा भाग मी तपासणार आहे. भूमिगत गटारात साठणारा विषारी वायू बाहेर कसा काढावा, हा तो भाग. या प्रश्नावर गेली पावणेदोनशे वर्षे विचार झाला आहे. त्यासाठी नळ उभारले गेले, कायद्यात कलमे घातली गेली, अभियंत्यांची हयात खर्ची पडली. तेव्हा 'हे कुणाला सुचलेच नाही' अशी सबब इथे चालणार नाही. विचार झाला, पण तो कुणाच्या श्वासासाठी झाला, एवढाच प्रश्न उरतो.

आमच्या चळवळीतील कित्येक मित्रांना असे विषय कोरडे व तांत्रिक वाटतात. जात हा विचारवंतांचा प्रश्न आणि नळ, पंप, झाकण हा अभियंत्याचा प्रश्न, अशी एक वाटणी आपल्या मनात नकळत झालेली आहे. ही वाटणी मला मान्य नाही. जात ग्रंथांत असते, मनात असते, आणि लोखंडाच्या नळातही असते. नळ कुठे बसवला आणि कुठे बसवला नाही, हे वाचता आले तर समाजही वाचता येतो.

१

प्रथम वायूविषयी थोडे. गटाराच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर साठतो. त्या थरात प्राणवायू पोहोचत नाही. तिथले जंतू मैल्यातील गंधकयुक्त क्षारांवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हाच तो वायू. त्याच्या जोडीला मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया असतात. उष्णता जितकी अधिक, उतार जितका कमी आणि मैला जितका वेळ तुंबून राहील तितका हा वायू अधिक होतो. मुंबईसारख्या उष्ण, सपाट आणि भरतीच्या पाण्याने अडणाऱ्या शहरात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

या वायूचा स्वभाव कपटी आहे. हवेच्या दशलक्ष भागांत एक भागाहून कमी असला तरी नाकाला कळतो. पण शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची जाणीवच मरते, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे माणसाला वाटते. पाचशे ते सातशे भागांत अर्ध्या-एक तासात प्राण जातो. हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, म्हणून वाकणारा, खाली उतरणारा माणूसच त्याच्या तोंडी जातो. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. वायू नुसता हवेत नसतो, गाळातही मुरलेला असतो. वरून तपासले तेव्हा हवा ठीक असते. माणूस उतरतो, त्याचा पाय गाळात पडतो आणि सोड्याची बाटली फोडावी तसा वायू एकदम उसळतो. म्हणून उतरण्यापूर्वी अर्धा तास झाकण उघडे ठेवणे पुरेसे नाही. काम चालू असेपर्यंत खाली ताजी हवा सतत ढकलत राहावी लागते.

हे ज्ञान नवीन नाही. इटलीतील मोदेना येथील वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात शौचकूप उपसणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. या लोकांचे डोळे सुजतात, लाल होतात, काहींची दृष्टी जाते, आणि त्यांच्या खिशातली नाणी काळी पडतात, हे त्याने टिपून ठेवले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या विज्ञान अकादमीने शौचकूपांतील मारक हवेची चौकशी केली आणि तिच्यात लाव्हाझिएसारखा शास्त्रज्ञ होता. म्हणजे मुंबईत पहिले आधुनिक गटार घालण्याच्या आधीच, मैल्यात उतरणारा माणूस कशाने मरतो हे युरोपच्या विद्येला ठाऊक होते.

आपल्या खेड्यालाही ते वेगळ्या रीतीने ठाऊक होते. माझे गाव किकवी. भोर तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावर, नीरा नदीच्या अलीकडे. या भागात जुनी, पडीक विहीर उपसायची झाली की आधी दोराला कंदील बांधून खाली सोडीत. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. मग झाडाचे डहाळे दोराने वर-खाली करून हवा हलवीत आणि पुन्हा कंदील सोडीत. देशावरच्या गावांत धान्याचे पेव उघडताना हीच रीत होती. माझे आजोबा अशा विहिरींचा गाळ काढायला जात. त्यांना हायड्रोजन सल्फाइड हा शब्द ठाऊक नव्हता, पण 'आत हवा धरली आहे' असे ते म्हणत. कंदील प्राणवायूची उणीव दाखवतो, विषारी वायू दाखवत नाही. आणि मिथेन असला तर तोच कंदील भडका उडवतो. तेव्हा हे ज्ञान अपुरे होते. पण त्यात एक तत्त्व होते. हवा तपासल्याशिवाय माणूस खाली जाणार नाही, हे ते तत्त्व. शहरातल्या गटाराने हे तत्त्वही गमावले.

२

आता शहराकडे वळू. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी इतकी घाण झाली की पार्लमेंटच्या खिडक्यांना चुन्यात भिजवलेले पडदे लावावे लागले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट याच्या देखरेखीखाली लंडनची भूमिगत गटारे बांधली गेली. त्या काळी रोगाविषयी एक सिद्धान्त सर्वमान्य होता. सडक्या पदार्थांतून दूषित हवा निघते आणि त्या हवेनेच पटकी, ताप व साथी पसरतात, असे एडविन चॅडविकसारखे आरोग्यसुधारक मानीत. त्यांच्या लेखी दुर्गंधी हाच रोग होता.

या सिद्धान्तातून एक विचित्र भीती जन्मली. गटार जमिनीखाली गेले, पण त्यातला वायू नळांतून उलट घरात शिरला तर? म्हणून घर आणि गटार यांच्यामध्ये पाण्याचा अडसर घातला गेला. वाकड्या नळात दोन-तीन इंच पाणी अडवून वायू थोपवणारा हा 'ट्रॅप' अलेक्झांडर कमिंग याच्या १७७५ च्या पेटंटपासून ओळखीचा होता. पुढे घराचे गटार रस्त्याच्या गटाराला मिळते तिथेही आणखी एक ट्रॅप बसवण्याची पद्धत आली. घर सुरक्षित झाले. पण वायू नाहीसा झाला नाही. तो गटारात कोंडला गेला. रस्त्याच्या मध्यावर जाळ्या ठेवून तो सोडावा तर येणारे-जाणारे तक्रार करीत. म्हणून उंच लोखंडी नळ उभारून घरांच्या खिडक्यांच्या वर तो सोडण्याची युक्ती निघाली. मुंबईच्या जुन्या भागात असे बिडाचे उंच नळ उभारले गेले. ज्यांना दिवा नाही, घंटा नाही, पुतळा नाही, असे ते खांब कशाचे, हे जाणाऱ्या-येणाऱ्याला सहसा कळत नाही.

मुंबईत हे सारे कसे आले? हेन्री कॉनिबेअर याने १८५२ साली मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल दिला. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले. पाणी आत आणण्याची सोय झाली, बाहेर नेण्याची झाली नाही. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला आणि गटारांच्या योजनांना वेग आला. कॅप्टन हेक्टर टलक याचा मुंबईच्या मलनिःसारणावरील अहवाल १८७२ चा आहे. पुढे रिएन्झी वॉल्टन या अभियंत्याच्या काळात भूमिगत गटारे प्रत्यक्षात आली आणि वरळीच्या लव्ह ग्रोव्ह येथे वाफेच्या पंपांनी मैला समुद्रात ढकलला जाऊ लागला.

इंग्लंडच्या हवेसाठी केलेली योजना इथे आणताना एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. नळातून हवा आपोआप वर चढते ती गटारातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते तेव्हा. लंडनच्या थंडीत हे घडते. मुंबईच्या वैशाखात दुपारी बाहेरची हवा तापलेली आणि गटारातली तुलनेने गार असते. तेव्हा ओढ मंदावते, प्रसंगी उलटतेही. म्हणजे ज्या वेळी उष्णतेने वायू सर्वांत जास्त तयार होतो, त्याच वेळी नळ सर्वांत कमी काम करतो. नळ वरच्या खिडकीला पुरेसा होता. खालच्या माणसाला तो कधीच पुरेसा नव्हता.

३

१८८८ चा मुंबई महानगरपालिकेचा कायदा हा या इतिहासातला महत्त्वाचा दस्तऐवज आहे. गटाराच्या वायुवीजनासाठी कुणाच्याही जागेत, इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, इतकेच काय झाडालाही नळ बांधण्याचा अधिकार या कायद्याने कमिशनरला दिला. नळाचे तोंड आसपासच्या खिडक्यांहून उंच असावे याचीही काळजी घेतली. खाजगी मालमत्तेला देवाइतकी पवित्र मानणाऱ्या राजवटीने मालकाच्या भिंतीत हात घालण्याची मुभा घेतली, ती हवेसाठी. यावरून या प्रश्नाला किती गांभीर्याने घेतले जात होते ते दिसते.

त्याच कायद्यात दुसरा एक शब्द आहे. हलालखोर. मैला वाहणाऱ्या माणसाचे हे सरकारी नाव होते आणि त्याच्या नावाने घरमालकांकडून करही घेतला जाई. हा शब्द अकबराने रूढ केल्याचे 'आईन-ए-अकबरी'त सांगितले आहे. प्रामाणिक कष्टाची भाकर खाणारा, असा त्याचा अर्थ. मेहतर म्हणजे सरदार. आपल्या इतिहासात ज्याला सर्वांत हीन काम दिले त्याला नाव मात्र नेहमी मोठे दिले गेले. आजही टाळेबंदीच्या काळात त्याला योद्धा म्हटले गेले. मोठ्या नावाने छाती भरत नाही. छाती हवेने भरते.

या कायद्यातला नळ खिडकीतल्या माणसासाठी होता आणि हलालखोर कर भरणाऱ्या घरासाठी होता. घराची हवा, रस्त्याची हवा, खिडकीची हवा यांचा विचार झाला. गटारात उभ्या असलेल्या माणसाची हवा हा विचाराचा विषय झाला नाही. आणि त्याने स्वतः आवाज उठवला तेव्हा काय झाले? १८८९ साली मुंबईच्या हलालखोरांनी संप केला. पुढल्याच वर्षी, १८९० साली, अशा सेवेतील नोकराने पूर्वसूचनेवाचून काम सोडणे शिक्षेस पात्र ठरवणारा कायदा झाला. हवेसाठी मालकाच्या भिंतीवर सक्ती आणि मैल्यासाठी मजुराच्या देहावर सक्ती, अशी ही दुहेरी रचना होती.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सुरू झाला तेव्हा या रचनेचे खरे रूप उघड झाले. गटारांतून कार्बोलिक आणि समुद्राचे पाणी अखंड सोडले गेले, कारण रोग घाणीच्या हवेत आहे असेच मानले जात होते. लोक शहर सोडून पळत होते. कमिशनर स्नो याची मोठी चिंता अशी की हलालखोर पळाले तर शहर उकिरडा होईल. म्हणजे ज्याला शिवायचे नव्हते त्याच्यावाचून एक दिवसही चालणार नव्हते. पुढे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ याने उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले आणि नंतरच्या प्लेग संशोधन आयोगाने त्याला पुष्टी दिली. पटकीचा जंतू तर रॉबर्ट कॉख याने १८८४ मध्ये कलकत्त्यात येऊन निश्चित केला होता. दुर्गंधीने साथी येतात हा सिद्धान्त कोसळला.

इथे इतिहासाने एक क्रूर वळण घेतले असे मला वाटते. गटाराच्या वायूने घरातल्या माणसाला पटकी होते, हे खोटे ठरले. तशी त्या वायूची भीतीही ओसरली. सुशिक्षितांच्या चर्चेतून 'गटारवायू' हा शब्द हळूहळू नाहीसा झाला. पण तो वायू एका माणसाला खरोखर मारीत होता. ज्याच्याविषयी भीती खोटी होती त्याच्यासाठी नळ उभारले गेले. ज्याच्याविषयी धोका खरा होता त्याच्या वाट्याला काहीच आले नाही. विज्ञान सुधारले, समाज सुधारला नाही, तर विज्ञानाचा फायदा कुणाला मिळतो याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

४

स्वातंत्र्यानंतर समित्या झाल्या. मुंबई राज्याने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या जीवनमानाची चौकशी समिती नेमली. केंद्राने १९५७ साली प्रा. मलकानी यांची समिती नेमली. या समित्यांचा भर डोक्यावरून मैला वाहण्याच्या पद्धतीवर होता आणि ते योग्यच होते. टोपली गेली पाहिजे, हातगाडी आली पाहिजे, पाण्याचे संडास आले पाहिजेत. पण पाण्याचा संडास आला म्हणजे मैला नाहीसा झाला असे नाही. तो टोपलीतून गटारात गेला. आणि त्याच्यामागोमाग माणूसही टोपलीखालून निघून गटारात उतरला. टोपलीत घाण होती, अपमान होता. गटारात घाण आहे, अपमान आहे आणि मृत्यूही आहे.

भारतीय मानक संस्थेने १९८७ साली गटारात उतरताना घ्यावयाच्या खबरदारीची संहिता काढली. तिचा क्रमांक ११९७२. उतरण्याच्या जागेच्या वरचे व खालचे झाकण उघडावे, वायू तपासावा, कमरेला दोर बांधावा, वर माणसे उभी ठेवावीत, ही सारी माहिती छापील आहे. शिशाच्या क्षारात भिजवलेला ओला कागद हायड्रोजन सल्फाइडने काळा पडतो, ही तपासणी काही पैशांत होते. रामाझिनीच्या मजुरांची नाणी ज्या कारणाने काळी पडत तेच हे कारण. तीनशे वर्षांचे ज्ञान एका कागदाच्या कपट्यावर आले आहे. तरी तो कपटा गटाराच्या तोंडाशी पोहोचत नाही.

मग तिथे काय पोहोचते? चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या 'कोर्ट' या चित्रपटात गटारात मेलेल्या कामगाराची विधवा न्यायालयात साक्ष देते. नवरा आत उतरण्यापूर्वी झुरळ बाहेर येते का ते पाही. झुरळ आले तर आत हवा आहे. त्याचा एक डोळा वायूने गेलेला होता. रामाझिनीने १७०० साली लिहिलेला डोळा आणि हा डोळा एकच. चित्रपटात खटला मात्र गटाराच्या मालकावर होत नाही, तर गाणे म्हणणाऱ्या लोकशाहिरावर होतो. ती भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ साली ते गेले. चित्रपट कल्पित आहे, पण झुरळाची परीक्षा ही कल्पना आहे असे या कामातला कोणी म्हणेल असे मला वाटत नाही. माझ्या आजोबांच्या कंदिलाहूनही हा मागचा टप्पा आहे.

५

कायद्याकडे येऊ. १९९३ चा कायदा कोरड्या संडासांपुरता होता. २०१३ चा कायदा गटार आणि सेप्टिक टँकपर्यंत आला. तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी अमलात आला. त्याच्या नियमांत ४४ संरक्षक साधनांची यादी आहे. पण कायद्याने मनाई केली ती 'धोकादायक सफाई'ला, आणि तिची व्याख्या अशी की मालकाने संरक्षक साधने व खबरदारी न पुरवता करवून घेतलेली सफाई. म्हणजे साधने दिली असे कागदावर दाखवता आले की माणूस आत उतरवणे कायद्यात बसते. ज्या समाजात मृत्यूही कागदावर 'अपघात' होतो, तिथे या फटीतून किती माणसे खाली जात असतील याचा विचार वाचकांनीच करावा.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेत १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंग खटल्यात ती ३० लाख झाली. २९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईसह सहा महानगरांत माणसाने गटार साफ करणे बंद करण्याचा आदेश झाला. बेझवाडा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे मृत्यूंची नोंद ठेवली नसती तर हे निकाल लागलेच नसते. पण नोंद सरकारचीही आता आहे. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ मृत्यू झाल्याचे केंद्राने संसदेत सांगितले. २०२२-२३ मधील ५४ मृत्यूंची सामाजिक तपासणी झाली, त्यांतील ४९ जणांच्या अंगावर कोणतेही संरक्षक साधन नव्हते. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेखाली २०२४ पर्यंत ज्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली, त्यांत सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे आहेत.

कोणी म्हणेल, वायू जात विचारीत नाही. खरे आहे. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे बायोगॅसच्या टाकीत चौघे दगावले; ते सफाई कामगार नव्हते. एक आत पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा, मग चौथा. माणुसकीनेच माणसे मारली. हवा ढकलणारा पंखा जवळ असता तर ही माणुसकी जीवघेणी ठरली नसती. पण अपवादाने मरणे आणि नेमणुकीने मरणे यांत फरक आहे. वायू जात विचारीत नाही, मुकादम विचारतो.

याच संदर्भात एक अवघड प्रश्न आपल्यापुढेच मांडला पाहिजे. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनी महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच जागी नोकरी मिळण्याचा हक्क आला. या हक्काने हजारो घरांची चूल पेटती ठेवली आणि संघटनांनी तो झगडून टिकवला. पण बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, त्यामागचा विचार आठवावा. वतन हे भाकरीचे आश्वासन होते आणि तेच बेडीही होते. वारसाहक्काची सफाई नोकरी हे नवे वतन तर नाही? मला तसे वाटते. तरी तो हक्क काढून घ्या असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्या जागी आज जो येत आहे तो कंत्राटदार आहे. वतनदाराला निदान नाव होते. कंत्राटी मजुराचे नाव मृत्यूनंतर कळते, आणि कधी तेही कळत नाही. म्हणून वारसाला नोकरी हवीच. गटार मात्र वारशात नको. त्याच्या हाती यंत्र, पंप, चालकाची जागा, मोजणी करणाऱ्याची जागा आली पाहिजे. गटारात उतरणारा रोबोट केरळात २०१८ साली प्रत्यक्ष कामाला लागला. ती यंत्रे कुणाच्या मालकीची आणि कुणाच्या हातची, हा यापुढचा झगडा आहे.

६

हा प्रश्न आता शहरापुरता राहिलेला नाही. किकवीसारख्या महामार्गावरच्या गावांतून हॉटेले, मंगल कार्यालये आणि नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. गावात भूमिगत गटार नाही, पण प्रत्येक इमारतीखाली टाकी आहे. टाकी म्हणजे वाहते न राहिलेले गटार. ती भरली की टँकर येतो, आणि तळाचा घट्ट गाळ नळीने ओढला गेला नाही की फावडे घेऊन कुणीतरी आत जातो. मार्च २०२२ मध्ये पुण्याजवळ लोणी काळभोरच्या कदमवाकवस्तीत अशाच टाकीत चौघे मेले. १९५८ च्या कायद्याने गावकामगार महारांचे वतन गेले आणि आमच्या मागच्या पिढ्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. आता गावच्या नव्या टाकीत उतरायला गावाने पुन्हा आमच्याच वस्तीकडे पाहावे, हे आपण होऊ देणार आहोत काय?

शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांनी यात करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला माहिती अधिकारात विचारता येते : वायू मोजणारी उपकरणे किती? हवा ढकलणारे पंखे किती? ते शेवटचे कधी वापरले? टाकी उपसणाऱ्या कंत्राटदाराशी झालेल्या करारात काय लिहिले आहे? विज्ञान शिकवणाऱ्यांनी हायड्रोजन सल्फाइडचे सूत्र फळ्यावर लिहिताना तो कुणाला मारतो हेही सांगावे. इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांनी लंडनची १८५८ ची दुर्गंधी शिकवून थांबू नये, मुंबईचा १८८९ चा संपही शिकवावा. गावात टाकी बांधली जाईल तेव्हा तिला वायुनलिका आहे का आणि तोंड यंत्राची नळी जाईल एवढे आहे का, हे ग्रामसभेत विचारावे. आणि कुणी 'फक्त पाच मिनिटांचे काम आहे' म्हणून माणूस उतरवू लागला, तर तिथे उभे राहून नाही म्हणावे.

१९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात केवळ कामाची वाटणी करीत नाही, काम करणाऱ्यांनाच वरखाली रचते. गटारात ही उतरंड डोळ्यांनी दिसते. वर खिडकी, तिच्याहून उंच नळाचे तोंड, खाली रस्ता, रस्त्याखाली माणूस. १८८८ साली हवेसाठी दुसऱ्याच्या भिंतीवर आणि झाडावर हक्क सांगणारा कायदा या देशात झाला, म्हणजे हवा ही सार्वजनिक गोष्ट आहे हे तत्त्व आपल्या कायद्याला तेव्हापासून मान्य आहे. ते तत्त्व खिडकीपासून तळापर्यंत न्यायचे काम राहिले आहे. तोपर्यंत एकच नियम पाळला जावा : जिथे कमिशनरचा, सरपंचाचा किंवा कंत्राटदाराचा मुलगा उतरणार नाही, तिथे कुणाचाच मुलगा उतरणार नाही.